आमची निवतीची सहल



कुडाळपासून निवतीचा समुद्र काही फार दूर नाही. तरी चाळिशी उलटेपर्यंत मी होडीत पाय ठेवला नव्हता. "बायकांचे समुद्रात काय काम?" हे लहानपणापासून ऐकलेले. यंदा मंडळाची सहल निघाली, तेव्हा लाइफ जॅकेट घालूनही जीव मुठीत धरूनच बसले.

थोडे पुढे जातो तो कोणीतरी ओरडले, "डॉल्फिन!" आम्ही सगळ्याच उभ्या राहिलो. होडी कलली. होडीवाले दादा म्हणाले, "बायांनु, खाली बसा, गप ऱ्हवा. श्वास घेवक तेंका वर येवचाच लागतला." त्यांनी इंजिन बंद केले. जरा वेळाने एक मोठा डॉल्फिन वर आला आणि त्याच्या कुशीला लागून एक पिल्लू! हा मासा नव्हे, पिल्लाला दूध पाजणारा जीव. आपल्या आरडाओरड्याने हीच आई भ्याली असेल, असे मनात येऊन मला लाज वाटली.

पुढे वेंगुर्ला रॉक्सचे खडक व दीपगृह दिसले. तिथल्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात त्यांचे सूप करतात, म्हणून ती चोरीलाही गेली आहेत. लाटा जोरात होत्या, त्यामुळे गुहा आम्ही बाहेरूनच पाहिली. तेच बरे झाले.

पुढच्या सहलीला जरूर या. मात्र बाळंतिणीच्या खोलीत आपण पाय न वाजवता जातो, तसे समुद्रात जावे, एवढे सांगून मी माझे दोन शब्द पुरे करते.