खाणगावच्या डॉक्टरांकडून आपण काय शिकावे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेले भाषण)





आजच्या मेळाव्यात मी आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी डॉक्टर नाही. इतिहास-भूगोल शिकविणारा साधा शिक्षक आहे. तेव्हा कोणती गोळी घ्यावी आणि कोणती घेऊ नये, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु एका डॉक्टरांची हकिकत मी आपणांस सांगू शकतो. हे डॉक्टर मोठ्या इस्पितळातले नामवंत सर्जन नव्हते. ज्यांना आपण 'घरचे डॉक्टर' म्हणतो, तसे ते एका लहानशा गावाचे डॉक्टर होते. आरोग्य, राजकारण आणि रोजचे जगणे या तिन्ही गोष्टींविषयी त्यांची स्वतःची ठाम मते होती, आणि ती त्यांनी आपल्या गावातच घासून पाहिली. त्यांचे नाव डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट.

आमच्या विद्यार्थ्यांनी नकाशा डोळ्यांपुढे आणावा. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागात डोंगर, अरुंद दऱ्या आणि जमिनीखाली दगडी कोळसा. एकेका दरीत एकेक खाण आणि खाणीभोवती मजुरांच्या घरांच्या रांगा. ग्लिनकोरुग हे असेच एक गाव, वस्ती सुमारे दोन हजारांची. लंडनमध्ये काही काळ डॉक्टरकी केल्यावर डॉ. हार्ट 1961 मध्ये या गावी आले आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. 1970 मध्ये गावची खाण बंद पडली. बेकारी आली. डॉक्टर मात्र गाव सोडून गेले नाहीत.

या मुलखाची आणखी एक ओळख सांगितली पाहिजे. जवळच्याच ट्रेडीगर गावातील मजुरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली वैद्यकीय मदत सोसायटी काढली होती. मजुरीतून ठरावीक वर्गणी कापून द्यायची आणि त्यातून डॉक्टर, औषधे, इस्पितळ यांची सोय करायची. पुढे त्याच गावचे एक खाणमजूर, अन्युरिन बेव्हन, ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले आणि 5 जुलै 1948 रोजी त्यांनी सबंध देशासाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. डॉक्टरांकडे जाताना खिशात पैसे आहेत की नाहीत, हे पाहण्याची गरज उरली नाही. पालकहो, आपली संस्थाही वर्गणीच्या पावत्या फाडूनच उभी राहिली. तेव्हा गरीब माणसांच्या वर्गणीतून केवढे काम उभे राहू शकते, हे आपणांस मी वेगळे सांगावयास नको.

आता आपणांस वाटेल, सेवा फुकट झाली म्हणजे प्रश्न सुटला. डॉ. हार्ट यांना तसे दिसले नाही. 27 फेब्रुवारी 1971 रोजी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जो नियम मांडला, तो आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. साध्या मराठीत सांगायचे, तर जेथे आजार अधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि जेथे आजार कमी तेथे ती भरपूर. ज्या भागात माणसे लवकर मरतात, तेथे एका डॉक्टरावर रोग्यांचा भार अधिक, इस्पितळाची मदत तुटपुंजी. सुखवस्तू भागात सर्व काही हाताशी. आणि ही सेवा बाजारावर जितकी सोडाल, तितकी ही तफावत वाढत जाईल, असेही त्यांनी बजावले.

हा नियम समजण्यासाठी वेल्सला जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या गावी मुख्य रस्त्यावर दवाखान्यांच्या पाट्या मोजा, आणि मग खाडीपलीकडच्या वाडीत जाऊन मोजा. आपल्या देशात सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 सालीच सांगून ठेवले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. बेव्हन यांची योजना त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली, उपकेंद्रे निघाली, 2005 पासून आशा सेविका घरोघर फिरू लागल्या. हे काम लहान नाही. तरीही इस्पितळाच्या बिलापायी दागिने मोडणारी, आखातात असलेल्या मुलाला उसने पैसे पाठवायला सांगणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत.

डॉ. हार्ट यांच्या राजकारणाविषयीही बोलले पाहिजे. ते कम्युनिस्ट होते आणि 1960 च्या दशकात पार्लमेंटच्या निवडणुकीलाही उभे राहिले होते. निवडून आले नाहीत. त्यांचा पक्ष आपणांस मान्य असावा, असे मुळीच नाही. परंतु डॉक्टरांनी राजकारणात लक्ष घालू नये, हे म्हणणे मात्र त्यांनी कधी मानले नाही. खाणीतली धूळ, घरातली ओल, बेकारी ही आजाराची कारणे असतील, तर ती दूर करणे नुसत्या औषधाच्या बाटलीने होत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही तेच आहे. नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळत असेल, तर जुलाबाचे औषध किती दिवस घेणार? तेथे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन अर्ज द्यावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. हेही राजकारणच आहे आणि ते प्रत्येक पालकाला करता येण्यासारखे आहे.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येतो. रक्तदाब वाढला तरी बहुधा दुखत-खुपत काही नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. मग एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो आणि घर उघडे पडते. म्हणून जो तक्रार घेऊन येईल त्याला तपासायचे, एवढ्याने भागत नाही, हे डॉ. हार्ट यांनी ओळखले. 1968 मध्ये त्यांनी गावातल्या सर्व प्रौढ माणसांचा रक्तदाब मोजण्याचे ठरविले. कोणी सर्दीसाठी आला, तरी त्याचा रक्तदाब मोजून नोंदवायचा. जे आलेच नाहीत त्यांना बोलावणे धाडायचे. तरीही न येणाऱ्यांच्या घरी जायचे. असे करत त्यांनी जवळजवळ सारे गाव तपासले. त्यांच्या पत्नी मेरी हार्ट या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या, आणि दवाखान्यातील नर्स व नोंदी ठेवणाऱ्या स्त्रियांचाही त्यात मोठा वाटा होता. आमच्या विद्यार्थिनींनी हे ध्यानात ठेवावे.

त्या काळच्या डॉक्टरांमध्ये 'अर्ध्याचा नियम' म्हणून एक हिशेब सांगितला जात असे. फळ्यावर मांडतो असे समजा. रक्तदाब वाढलेली शंभर माणसे घ्या. त्यांतल्या निम्म्यांनाच तो वाढल्याचे ठाऊक असते, राहिले पन्नास. या पन्नासांतले निम्मेच औषध घेतात, राहिले पंचवीस. या पंचविसांतही निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात येतो. म्हणजे शंभरांत जेमतेम बारा-तेरा! औषध आहे, डॉक्टर आहे, तरीही सत्त्याऐंशी माणसे धोक्यातच. ग्लिनकोरुगमध्ये हा हिशेब बदलला. वीस-पंचवीस वर्षांच्या चिकाटीनंतर तेथील रक्तदाबाच्या रोग्यांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण 56 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आले. पासष्ट वर्षांच्या आत होणारे मृत्यू शेजारच्या तशाच खाणगावाच्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरले. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. नोंदवही, ओळख आणि पाठपुरावा एवढ्यावर हे साधले.

त्यांची आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. आपल्या दवाखान्यातील लागोपाठच्या 500 मृत्यूंची त्यांनी एका सहकाऱ्यासह तपासणी केली. हे माणूस वाचले असते का? कोठे चुकले? रोग्याच्या सवयीत, इस्पितळात, की आपल्याच कामात? जे आढळले ते 1987 मध्ये त्यांनी छापून प्रसिद्ध केले, स्वतःच्या दवाखान्याच्या उणिवांसकट. निकालाच्या दिवशी शाळा पास झालेल्यांची नावे फलकावर लावतात. नापास झालेल्या आणि शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलामागे आपले काय उणे पडले, याची नोंद किती शाळा ठेवतात?

रोजच्या जगण्याविषयीही ते रोग्यांशी मोकळेपणाने बोलत. रोगी हा गिऱ्हाईक नव्हे, तो आपला सहकारी आहे, आरोग्य दोघांनी मिळून घडवायचे असते, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हा आपल्या वाट्याचे काम आपणच केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्याहून कमी मीठ खावे. आपल्या ताटातले लोणचे, पापड आणि सुकी मासळी यांचा हिशेब गृहिणींनी घरी गेल्यावर करून पाहावा. पुरुषांनी तंबाखूचा हिशेब करावा. आणि रक्तदाबाच्या गोळ्या 'आता बरे वाटते' म्हणून परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच नाही.

आता विद्यार्थी मित्रांशी दोन शब्द. आपल्यापैकी अनेकांना डॉक्टर व्हायचे आहे आणि पालकांचीही तीच इच्छा आहे. फार चांगली गोष्ट आहे. वेल्सच्या या खाणमुलखात स्थानिक डॉक्टर जाण्यास राजी नव्हते, तेव्हा भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून गेलेल्या अनेक डॉक्टरांनी तेथील दवाखाने वर्षानुवर्षे चालविले. दूरदेशीच्या मजुरांचे ते घरचे डॉक्टर झाले. मग आपल्याच तालुक्यातील वाडीवर जाणारा डॉक्टर आपल्या शाळेतून का निघू नये? आणि डॉक्टरच झाले पाहिजे असेही नाही. उत्तम नर्स, औषधनिर्माता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हेही तितकेच गरजेचे आहेत.

आणि शेवटी, आपल्या संस्थेविषयी. डॉ. हार्ट यांचा नियम मला दवाखान्यापेक्षाही शाळेत अधिक दिसतो. आज या मांडवात जे पालक आले आहेत, त्यांची मुले बहुधा नियमित शाळेत येतात. ज्यांच्याशी आज बोलण्याची खरी गरज होती, ते येथे नाहीत. कोणी होडीवर आहे, कोणी बांधकामावर, कोणी आई घरात एकटी आहे आणि शाळेत येऊन बोलायला बुजते. सच्चर समितीने 2006 च्या आपल्या अहवालात म्हटले होते की, 6 ते 14 वर्षे वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच शाळा सोडून गेली. ही चारांतली एक मुले मेळाव्याला येत नाहीत, बक्षीस घ्यायला येत नाहीत, शिष्यवृत्तीचा अर्ज मागायला येत नाहीत. शिष्यवृत्तीची सूचना फलकावर लागते आणि ज्याला फलक वाचता येतो, तोच अर्ज नेतो. मागणाऱ्याला मिळते. न मागणाऱ्याची गरज अधिक असते आणि त्याला काही मिळत नाही.

म्हणून व्यवस्थापक मंडळापुढे मी दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आजच्या हजेरीवरून न आलेल्या पालकांची यादी करावी आणि प्रत्येक मोहल्ल्यात एक शिक्षक व एक पालक अशी जोडी नेमून, येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्या सर्व घरी जाऊन यावे. सातवी आणि दहावीनंतर ज्या मुली घरी बसल्या आहेत, त्यांची घरे या यादीत सर्वांत वर असावीत. उपदेश करायला जाऊ नये. काय अडते, ते विचारावे. कोठे एस. टी. चे भाडे अडत असेल, कोठे लहान भावंडांना सांभाळायला कोणी नसेल. अडचण कळली, तर तोड निघते. दुसरी सूचना, आपल्या गावच्या डॉक्टरांच्या मदतीने तीस वर्षांवरील सर्व पालकांचा रक्तदाब वर्षातून एकदा शाळेत मोजावा, नोंदवहीत लिहावा आणि जे येणार नाहीत त्यांच्याकडेही याच जोडीने जावे. पहिल्या जोडीत जाण्यास मी स्वतः तयार आहे. माझे नाव आजच लिहून घ्यावे.

डॉ. हार्ट 1 जुलै 2018 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी वारले. त्यांच्या कामाला लागली ती एक नोंदवही आणि दरवाजा ठोठावण्याची तयारी. नोंदवह्या आपल्या कपाटात भरपूर आहेत. दरवाजेही फार दूर नाहीत.