आवाज ओळखीचा, माणूस परका
(रविवारच्या आरतीनंतर केलेले भाषण)



मागच्या महिन्यात दुपारी फोन आला. नातवाचाच आवाज, रडवेला. "आजी, माझ्या हातून अपघात झालाय. २,००० पौंड पाठव. बाबांना सांगू नकोस." मी चपला घालून बँकेत निघाले. दारातच खऱ्या नातवाचा फोन आला, "आजी, रविवारी जेवायला येतोय!"

व्हिडिओतला थोडासा आवाज मिळाला, तरी ए.आय. त्याची हुबेहूब नक्कल करतं.

लाजेपायी मी कुणाला बोलले नाही. पंधरा दिवसांत आपल्यातल्याच एका आजोबांना तसाच फोन आला. त्यांचे पैसे गेले. मी बोलले असते तर ते सावध झाले असते. ही रुखरुख आजही आहे.

म्हणून सांगते. असा फोन ठेवून द्या, नातवाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. घरात खुणेचा एक शब्द ठरवा. बँकेबद्दल शंका आली तर १५९ फिरवा. इथल्या बहुतेक बँकांशी तो जोडून देतो.

आणि फसलात तरी गप्प बसू नका. दर रविवारी प्रसादानंतर आम्ही काही जणी मंदिरात थांबतो. तरुणांना विनंती, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना आठवड्यातून एक फोन करा. हीसुद्धा सेवाच आहे.