माघातली चतुर्थी



माघी चतुर्थीला शाळा सुटली की महडच्या जत्रेला पळायचो, आठवतं? भाद्रपदात आपण मातीची मूर्ती आणून पूजतो नि विसर्जन करतो. माघ शुद्ध चतुर्थी हा गणेशजन्माचा दिवस. महडच्या वरदविनायकाचं देऊळ १७२५ साली रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय, असं सांगतात.

माझ्या ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत माघी चतुर्थी नाही, म्हणून वीस वर्षं गेलेच नाही. आई जाऊन माझ्या नावाचा नारळ वाढवायची. यंदा आई नाही. रजा टाकून मी गेले. दिवा तेवत होता. कुणीतरी रोज तेल घालतं म्हणून.

इथेच राहून हे सारं सांभाळणाऱ्यांनो, तुमचे आभार. पुढच्या माघात सगळे मिळून जाऊ.