‘टू’ हा शब्द मी खोडला होता

(मेळघाटातील वसतिगृहाच्या हितचिंतकांपुढे एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



माझे आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेले. त्यातली एक चूक आज सांगतो. धारणीकडच्या एका कोरकू मुलाने वहीत लिहिले होते, “वी टू गो टू रिव्हर.” त्यातला पहिला ‘टू’ मी लाल शाईने खोडला आणि बाजूला ‘जादा शब्द’ असा शेरा मारला. त्यानंतर बरेच दिवस तो मनाने काही लिहीना. फळ्यावरचे तेवढे उतरवून घेई.

पुढे वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींशी बोलताना उलगडा झाला. कोरकू भाषेत दोघांसाठी एक सर्वनाम, त्याहून अधिकांसाठी दुसरे. शिवाय ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हेही त्यातच कळते. आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखे. इंग्रजी ‘वी’मध्ये यातले काहीच नाही. मुलगा ती उणीव भरून काढत होता. आणि ‘वी टू’ हे शुद्ध इंग्रजीच आहे! खोडायचे काहीच कारण नव्हते.

इंग्रजी तरी कुठे एका जागी थांबली आहे? 1611च्या इंग्रजी बायबलात एकट्याला ‘दाउ’ म्हटले आहे. आज सगळ्यांना ‘यू’. ‘आय’पुढे ‘शॅल’च हवे म्हणून मी मुलांना उभे केले आहे, आता ते ‘शॅल’ क्वचितच कानी पडते. आपल्याकडे रूढ झालेला ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला.

म्हणून काहीही चालेल असे मी म्हणत नाही. “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स” असे आपल्याकडे सर्रास बोलतात, पण पेपरात त्याचे गुण जातात आणि ते नुकसान मुलाचे होते. तेव्हा परीक्षेत ‘आय हॅव’ लिही, हे सांगायलाच हवे. पण ते लाल शाईने नको, जवळ बसून सांगावे.

आता एक विनंती. देणगीच्या पेट्यांतून जुनी व्याकरणे फार येतात. शॅल-विलचे ते तक्ते मीच घोकून घेतलेले आहेत, म्हणून हक्काने सांगतो, ती आता पाठवू नका. चित्रांची गोष्टीची पुस्तके पाठवा, आणि कोऱ्या वह्या. डाव्या पानावर मूल आपली गोष्ट देवनागरीत कोरकूतून लिहील, उजव्या पानावर इंग्रजीतून. डावे पान मावशी वाचून दाखवतील. मला ते अजून नीट वाचता येत नाही.