आवड आणि मत

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या दिवशी राजकारण नको, असे काही वडीलधाऱ्यांनी सुचविले. मी पक्षाचे बोलणार नाही, मताचे बोलणार आहे.

हल्ली वस्तीत एकच वाक्य कानी येते, 'कुणाला बी द्या, सगळे सारखेच.' असे म्हणणारा बहुधा कालपर्यंत कुणाच्या तरी मिरवणुकीत नाचलेला असतो. हे कसे घडते, ते आपल्या साताऱ्यातच पाहू.

एप्रिल २०१९ च्या मतदानात उदयनराजे भोसले घड्याळाच्या चिन्हावर सव्वा लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. सप्टेंबरात राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात ७८ वर्षांचे शरद पवार भर पावसात भाषणाला उभे राहिले आणि उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, असे म्हणाले. तीन दिवसांनी पोटनिवडणूक झाली. राजे ८७ हजारांहून अधिक मतांनी पडले, श्रीनिवास पाटील खासदार झाले. २०२४ ला पुन्हा राजेच, यावेळी कमळावर.

मतदार जागा होता, असे म्हणतात. पक्ष बदलल्याचा जाब विचारला, हे चांगलेच झाले. पण कुणालाही विचारा, त्या निवडणुकीतले काय आठवते? पाऊस आठवतो! श्रीनिवास पाटील सनदी अधिकारी होते, सिक्कीमचे राज्यपाल होते, हे किती जणांनी पारखले? एकदा गादी आवडली, एकदा पावसात भिजणारे वडीलधारे आवडले. प्रेम दोन्हीकडे खरेच होते. पाण्याचा, नोकरीचा हिशोब मात्र राहून गेला. प्रेमाच्या माणसाकडे हिशोब मागायला जीभ रेटत नाही. मग रुसवा तेवढा उरतो.

रुसव्याचेही बटण २०१३ पासून यंत्रावर आहे, 'नोटा'. त्याच ऑक्टोबरात लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांवर मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पण विधानसभा-लोकसभेला नोटा पहिला आला तरी त्याखालचा उमेदवारच निवडून येतो. मग रुसून काय मिळाले?

याच साताऱ्यात शाळेत गेलेल्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. निवडणुकीवर रुसण्याचा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता. १९५२ ला मुंबईत मतदारांनी त्यांना पाडले. तरी १९५४ ला ते भंडाऱ्यातून उभे राहिले, तिथेही पडले.

महिला मंडळाला माझी एक विनंती आहे. उमेदवार दारात आला तर ओवाळा, चहा पाजा, त्यात काही वावगे नाही. पण त्याचे प्रतिज्ञापत्र मिळवा. मालमत्ता, दाखल गुन्हे, शिक्षण सगळे त्यात असते, आता मोबाईलवरही सापडते. विहारात प्रचार नको. बाहेर कट्ट्यावर बसून एखाद्या शिकलेल्या मुलीने ते मोठ्याने वाचावे, म्हाताऱ्यांनी ऐकावे. आणि जुनाच खासदार पुन्हा आला, तर वर्षाला पाच कोटींच्या निधीतले आपल्या वस्तीत काय आले, तेवढे चहा संपायच्या आत विचारून घ्या.

जयभीम!