घरातली भट्टी आणि पॉलिसीतलं तिसरं पान

(मंडळाच्या 'माहिती आणि गप्पा' या रविवारच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला "इन्शुरन्सवर जरा बोल" असं सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी इन्शुरन्सवाला नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. दुसऱ्यांच्या सिस्टिममध्ये काय बिघडू शकतं ते आधीच शोधायचं, याचे मला पैसे मिळतात. आणि स्वतःच्या घरात काय बिघडू शकतं, हे मी दोन वर्षं पाहिलंच नाही. त्याचीच ही गोष्ट. बटाटेवडे अजून तळून व्हायचे आहेत, त्यामुळे कोणी उठून जाणार नाही याची मला खात्री आहे.

माझी बायको मातीची भांडी करते, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. इथे न्यू जर्सीत आल्यावर पहिली काही वर्षं ती एच-फोर व्हिसावर होती. काम करायची परवानगी नाही, म्हणून कम्युनिटी कॉलेजात पॉटरीचा वर्ग लावला. पुढे वर्क परमिट आलं, घर घेतलं, आणि एक दिवस आमच्या गराजमध्ये जुनं फिरतं चाक आलं. पाठोपाठ इलेक्ट्रिक भट्टी आली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "इंजिनिअरच्या घरात कुंभाराचा आवा? बरंय, माठ तरी मिळेल!"

सुरुवातीला सगळा हौसेचा मामला होता. मग ओळखीच्यांनी मग मागितले. मग गणपतीच्या आधी मुलांसाठी मातीच्या मूर्तींची कार्यशाळा झाली. मग दर शनिवारी सहा जणींचा वर्ग, माणशी फी घेऊन. आणि मग आपल्या मंडळाने दिवाळीसाठी दोनशे पणत्यांची ऑर्डर दिली. हौसेचा धंदा नेमका कुठल्या शनिवारी झाला, ते आम्हालाही कळलं नाही. पण इन्शुरन्स कंपनीला ते बरोबर कळतं.

घराच्या पॉलिसीचं नूतनीकरण करताना दरवर्षी एक प्रश्न येत असे: या जागेत काही व्यवसाय चालतो का? मी दोन वर्षं "नाही" वर टिचकी मारली. खोटं बोलावं असं मनात नव्हतं. पण प्रीमियम वाढेल, नसती चौकशी होईल, हे मनात होतं. खरं सांगायचं तर मी तो प्रश्न वाचून पुढे गेलो, वाचलाच नाही असं नाही.

आमच्या शनिवारच्या वर्गाला एक काकू यायच्या. नाव सांगत नाही, पण त्या आज इथेच बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगतोय. एका शनिवारी गराजच्या फरशीवर ओल्या मातीचा राडा पडला होता. घरात यायच्या दोन पायऱ्यांना कठडा नव्हता. काकू घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत प्लेट बसवली. आम्ही दोघं हॉस्पिटलात होतो. काकू आम्हालाच समजावत होत्या, "अगं, वय झालं, हाडं ठिसूळ झाली, तुमचा काय दोष!"

आपली माणसं एकमेकांवर केस करत नाहीत, असं आपण म्हणतो. काकूंनी केलीही नाही. पण या देशात जखमी माणसाच्या मनात काय आहे, यावर सगळं अवलंबून नसतं. काकूंचं बिल त्यांच्या हेल्थ इन्शुरन्सने भरलं आणि महिन्याभरात त्यांना एक छापील फॉर्म आला: अपघात कुठे झाला, कसा झाला, जागा कोणाची? कारण दोष दुसऱ्याचा असेल तर भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायला हेल्थ इन्शुरन्स कंपनी मागे लागू शकते. याला इथे सब्रोगेशन म्हणतात. इतकी वर्षं इथे राहून मला हा शब्द ठाऊक नव्हता.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. स्पीकरवर होता. म्हणाल्या, "हे बघ बाळा, मी असं लिहू का, की तुमच्याकडे चहाला आले होते आणि पायरीवरून घसरले?"

त्या क्षणी मी पॉलिसी पुरती वाचली होती. पाहुणा म्हणून आलेला माणूस पडला, तर घराची पॉलिसी उभी राहते. फी देऊन वर्गाला आलेली विद्यार्थिनी पडली, तर नाही. काकूंनी ते एक वाक्य लिहिलं असतं तर आमचे पैसे वाचण्याची शक्यता होती. आणि एका ५८ वर्षांच्या बाईने आमच्यासाठी इन्शुरन्स कंपनीला खोटं लिहून दिलं असतं. त्याला इथे फ्रॉड म्हणतात.

मला तुम्हाला सांगायला आवडलं असतं की मी लगेच "नको" म्हणालो. मी गप्प राहिलो. पाच सेकंद, दहा सेकंद. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती फोनमध्ये म्हणाली, "काकू, जे झालं तेच लिहा."

त्यांनी तेच लिहिलं. आमच्या घराच्या कंपनीने रीतसर पत्र पाठवून हात वर केले: व्यवसायातून उद्भवलेली जबाबदारी या पॉलिसीत नाही. वाटाघाटी होऊन शेवटी ११ हजार डॉलर आम्ही खिशातून भरले, हप्त्यांनी. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशातून. कंपनीवर माझा राग नाही. पॉलिसीच्या तिसऱ्या पानावर ते स्पष्ट लिहिलं होतं. पान उघडलं नव्हतं ते मी.

आता माहितीचा भाग. अमेरिकेतल्या घराच्या पॉलिसींचा जो सर्वसाधारण नमुना आहे, त्यात व्यवसायाच्या बाबतीत तीन ठिकाणी कात्री लागते.

पहिली कात्री वस्तूंना. घरातल्या धंद्याच्या सामानाला सहसा २,५०० डॉलरच्या आसपास मर्यादा असते. भट्टी, चाक, ग्लेझचे डबे, विक्रीसाठी तयार भांडी हे सगळं त्यात. चांगली नवी भट्टी एकटीच ती मर्यादा ओलांडते. सामान घराबाहेर, म्हणजे जत्रेत किंवा स्टॉलवर नेलं, तर मर्यादा आणखी कमी.

दुसरी कात्री इमारतीला. भट्टी घराला न जोडलेल्या, वेगळ्या गराजमध्ये किंवा शेडमध्ये असेल आणि तिथे धंदा चालत असेल, तर त्या बांधकामाचं संरक्षणच जाऊ शकतं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी कात्री जबाबदारीला, म्हणजे लायबिलिटीला. विद्यार्थी पडला, किंवा तुम्ही विकलेल्या मगाचा कान गरम चहासकट निखळून कोणी भाजलं, तर घराची पॉलिसी तिथे नाही.

काही नमुन्यांत वर्षाला २,००० डॉलरपर्यंतची किरकोळ कमाई व्यवसायात धरत नाहीत. पण तुमच्या पॉलिसीत आकडा काय आहे, तो तुमच्याच पॉलिसीत बघा. शेजाऱ्याच्या नको, आणि माझ्या तर नकोच.

मग करायचं काय? तीन पायऱ्या आहेत. अगदी लहान प्रमाणावर असेल तर घराच्याच पॉलिसीला पुरवणी जोडता येते, तिला एंडॉर्समेंट म्हणतात. त्याहून मोठं असेल तर घरगुती व्यवसायाची वेगळी पॉलिसी. आणि विद्यार्थी, नोकर, जत्रा, दुकानांना माल असा पसारा असेल तर छोट्या उद्योगांची बिझनेस ओनर्स पॉलिसी. आमच्या कंपनीने भट्टी आणि वर्ग हे दोन शब्द ऐकून पुरवणी द्यायला नकार दिला. मग एका स्वतंत्र एजंटने, म्हणजे अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्याने, घरासाठी दुसरी कंपनी आणि स्टुडिओसाठी वेगळी पॉलिसी शोधून दिली. तिचा वर्षाचा हप्ता आमच्या दोघांच्या मोबाइल बिलापेक्षा कमी आहे. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी कपाळाला हात लावला.

एजंटला काय सांगायचं, याची यादी बायकोने केली. मी फक्त टाइप केली.

एक: भट्टी कोणती, कुठे, आणि वायरिंग कोणी केलं. आमची भट्टी २४० व्होल्टची, ४८ ॲम्पिअर ओढते. म्हणून तिला स्वतःचं सर्किट आणि ६० ॲम्पिअरचा ब्रेकर. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, टाउनशिपचं परमिट काढून. ते कागद जपून ठेवा, आग लागली तर पहिला प्रश्न तोच येतो. भट्टीत आत १,२०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. भिंतीपासून साधारण १८ इंच अंतर, किंवा बनवणाऱ्याने जास्त सांगितलं असेल तर तेवढं. भट्टी चालू ठेवून मॉलमध्ये जायचं नाही.

दोन: महिन्याला किती विद्यार्थी येतात, मुलं येतात का, फी किती.

तीन: काय विकता आणि कुठे. खाण्यापिण्याची भांडी असतील तर तसं सांगा. प्रॉडक्ट लायबिलिटी त्यात आहे ना, हे विचारा. जत्रेचे आयोजक इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागतात, ते कसं मिळेल तेही विचारा.

चार: टाउनशिपचे झोनिंगचे नियम आणि असोसिएशन असेल तर तिचे नियम. घरी वर्ग घ्यायलाच परवानगी नसेल, तर नंतर अडचण दुप्पट.

पाच: पाणी. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचं उरलेलं पाणी आपल्या भागातल्या किती बेसमेंटांत शिरलं, हे इथे कोणाला सांगायला नको. पूर घराच्या पॉलिसीत नसतोच. सरकारी फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो, तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, आणि बेसमेंटमधल्या सामानाला त्यात फारच थोडं संरक्षण आहे. म्हणून चाक खाली आणि भट्टी वर, की दोन्ही वर, हे आधी ठरवा.

आणि सगळ्या वस्तूंचे फोटो, पावत्या, ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. बॅकअप घ्या, असं आम्ही आयटीवाले जगाला सांगतो. कधीतरी स्वतःही घ्यावा.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे भट्टी आहे? पण या हॉलमध्ये मी पाहतोय: घरी तबल्याचा वर्ग घेणारे आहेत, कथक शिकवणाऱ्या आहेत, डबे देणाऱ्या आहेत, मुलं सांभाळणाऱ्या आहेत, गणिताची शिकवणी आहे. आठ मुलं तबला शिकायला तुमच्या जिन्यावरून बेसमेंटमध्ये उतरतात, तेव्हा इन्शुरन्सच्या हिशेबात तुमचं घर आणि आमचं गराज यात फारसा फरक नाही. उद्या सोमवार आहे. एजंटला फोन करा. नूतनीकरणाचा फॉर्म आला असेल, तर व्यवसायाच्या प्रश्नापाशी थांबा आणि खरं उत्तर द्या. पुरवणी मिळाली नाही, प्रीमियम वाढला, तरी चालेल. ते पैसे परवडतात. माझे ते फोनवरचे दहा सेकंद मला अजून परवडलेले नाहीत.

आता गराजच्या पायऱ्यांना कठडा आहे. वर्ग संपला की फरशी ओल्या फडक्याने पुसायची, हा नियम आहे. झाडू मारायचा नाही, कारण वाळलेल्या मातीची धूळ छातीला वाईट. काकू पुन्हा शनिवारी येतात. मनगट पहिल्यासारखं वळत नाही, म्हणून चाकावर बसत नाहीत, हाताने दाबून पणत्या करतात. दिवाळीच्या कार्यक्रमात टेबलावर ज्या पणत्या लागतील, त्यातल्या थोड्या वाकड्या तोंडाच्या त्यांच्या आहेत. त्यांत तेल जास्त मावतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

वडे झालेले दिसताहेत. सर्वांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा.