सोनामुखी : गुण आणि मर्यादा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी सोनामुखीची पुडी असते. आपण तिला सना किंवा सना मक्की म्हणतो. तिर्मिझी आणि इब्ने माजा यांच्या हदीस-संग्रहांत तिचा उल्लेख आहे, म्हणून तिच्याविषयी आपल्याला विशेष आदर वाटतो. तो योग्यच आहे. मात्र आदराबरोबर माहितीही हवी.

सोनामुखी हे लहानसे झुडूप आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे त्याची शेती होते. पाने व शेंगा औषधात वापरतात. त्यांतील सेनोसाइड नावाची द्रव्ये जठरातून तशीच पुढे जातात. मोठ्या आतड्यातील जंतू त्यांचे रूपांतर करतात, तेव्हा आतड्याची हालचाल वाढते आणि मळ सैल होतो. या क्रियेला सहा ते बारा तास लागतात. म्हणूनच हे औषध रात्री घ्यायचे असते. दोन तासांत गुण आला नाही म्हणून पुन्हा घेतले, तर जुलाबांनी माणूस गळून जातो.

तात्पुरत्या बद्धकोष्ठावर हे औषध खरोखर गुणकारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याला स्थान आहे. युनानी हकीम सनाबरोबर गुलाबाच्या पाकळ्या देतात, त्या पोटात मुरडा येऊ नये म्हणून. याचाच अर्थ तिचा त्रास जुन्या जाणकारांनाही ठाऊक होता.

आता पालकांनी नीट ध्यानात ठेवावे असे सांगतो. मुलाचे पोट दुखू लागले की 'पोट साफ होऊ दे' म्हणून जुलाब देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती घातक ठरू शकते. बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, जोडीला उलटी किंवा ताप असला, तर ते अपेंडिक्सचे दुखणे असू शकते. अशा वेळी जुलाब दिल्यास अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढतो. कारण न कळलेल्या पोटदुखीवर सना देऊ नका. मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या.

लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयविकाराची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणारी माणसे यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ नये. इतरांनीही आठवड्याहून अधिक काळ घेऊ नये. सततच्या जुलाबांनी शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होते. सुट्या पानांत औषधी द्रव्य किती, हे डोळ्यांना दिसत नाही. गोळीच्या वेष्टनावर ते छापलेले असते. लघवीला तांबूस रंग आला तर घाबरू नये. तो या औषधाचाच परिणाम असतो. रोज लागणाऱ्या बद्धकोष्ठावर पाणी, पालेभाज्या, फळे आणि चालणे हेच उत्तम.

2020 साली करोनाच्या साथीत सनाच्या काढ्याने हा रोग बरा होतो, अशी अफवा पाकिस्तानात पसरली आणि बाजारात तिचा भाव भडकला. करोना काही त्याने बरा होत नव्हता.

वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीस जबाबदार ठरतो, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. सनाची पुडी उघडताना तीही आठवावी. विद्यार्थी मित्रांनो, आज ऐकलेले घरी जाऊन आईला आणि दादीला अवश्य सांगा.

खुदा हाफिज.